कबरीवरची पेटुनिया

आमच्या सरांच्या अख्ख्या आयुष्यात एकच झाड असं होतं, ज्याच्यासाठी त्यांनी कुणाचेही पाय धरले असते. ते झाड माझ्या आईने देवाला वाहून टाकलं.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मी नगर जिल्ह्यातल्या एका शेतकी महाविद्यालयात संशोधन सहायक होतो. घर केडगावला. वडील मी शिकत असतानाच गेले होते, त्यामुळे घरात आई आणि मी. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, रविवारची उपासना कधी न चुकवणारी. आम्ही पणजोबांपासूनचे ख्रिस्ती. मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठेही काही बिघडलं, की मला आधी वाटतं, हे माझ्यामुळेच. शेजारच्यांचा रेडिओ बंद पडला तरी आपण सकाळपासून काय काय केलं ते मी आठवायला लागायचो. आई म्हणायची, "देवाने क्षमा करायला थोडा वेळ राखून ठेवला असेल, तो सगळा तू एकटाच खातोस. बाकीच्यांनी काय करायचं?"

सर श्रीगोंद्याकडचे. घरी ऊस. थोरले दोघे भाऊ शेती बघायचे आणि सर वनस्पतींच्या जनुकांचा अभ्यास करायचे. भावांना हा अभ्यास म्हणजे काय ते एकदा त्यांनी समजावून सांगितलं होतं. त्यानंतर गावात कुणीही विचारलं, धाकटा काय करतो, की थोरले सांगायचे, "सरकार त्याला फुलं पांढरी करायचा पगार देतं." हे सर स्वतःच आम्हाला सांगायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मला ते 'पाहुणं' म्हणत. का, ते मी कधी विचारलं नाही. मला ते आवडायचं.

फुलं पांढरी करायची म्हणजे काय, ते मला इथे सांगायला हवं. पेटुनिया हे थंडीत कुंड्यांतून फुलणारं साधं फूल, कर्ण्याच्या आकाराचं. आमच्याकडे त्याची जांभळी जात होती. जांभळा रंग तयार करणारा जनुक त्या झाडात असतोच. त्याच जनुकाची आणखी एक प्रत बाहेरून झाडात घातली, तर रंग गडद व्हायला हवा. पण परदेशात ज्यांनी हे करून पाहिलं होतं, त्यांची काही फुलं उलट पांढरी झाली होती. सरांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यांच्या एका मित्राने तिकडून तो जनुक टीपकागदावर थेंब वाळवून साध्या पाकिटातून पाठवला. त्या कागदापासून कुंडीतल्या फुलापर्यंत यायला आम्हाला दोन हिवाळे लागले. बरीचशी झाडं जांभळीच राहिली. काहींच्या फुलांवर पांढरे पट्टे आले. आणि एक झाड, एकच, पूर्ण पांढरं फुललं.

विभागात लोक म्हणाले, प्रयोग फसला. सर म्हणाले, "फसला कसला? ह्योच तर प्रयोग हाय!" ते खुशीत आले की श्रीगोंद्याची बोली बाहेर पडायची.

रंग गेला कुठे, हे ते विद्यार्थ्यांना असं सांगायचे: जनुक म्हणजे तहसील कचेरीतल्या फायलीत असलेला हुकूम. फाइल जागची हलत नाही. हुकूम गावात पोचतो तो कोतवालाच्या दवंडीमुळे. पेशीतली ही दवंडी म्हणजे आरएनए. आता एकाच हुकमाच्या दवंड्या भलत्याच जोरात आणि भलत्याच रीतीने यायला लागल्या, तर गाव बिथरतं. यात काहीतरी बनवाबनवी आहे म्हणतं, आणि दवंडी देणाऱ्यांनाच धरतं. नव्यालाही आणि जुन्यालाही. हुकूम कचेरीत शाबूत, पण गावात कुणाच्या कानावर नाही.

गाव नेमकं कशाने बिथरतं, ते तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. दशकाच्या शेवटी शेवटी बाहेरच्या देशांत बारीक कृमींवर काम करणाऱ्यांनी ते दाखवलं. दुपदरी आरएनए दिसला की पेशी सावध होते, त्याचे तुकडे करते आणि त्याच मजकुराचे बाकीचे निरोपही शोधून नष्ट करते. आज कुठलीही प्रयोगशाळा एखादा जनुक काय काम करतो ते पाहायला हीच युक्ती वापरते: त्याला गप्प करायचं आणि काय थांबतं ते बघायचं. आमच्याकडे तेव्हा यातलं काही नव्हतं. एक पांढरं झाड होतं, आणि सर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्या झाडाचं बी या हंगामात धरलं, पेरलं, तरच त्यांना कळणार होतं की हे गप्प बसणं पुढच्या पिढीत उतरतं की नाही. पुढचा हंगाम त्यांच्या नशिबी नव्हता.

ही झाडं जाळीघरात असायची. असली झाडं बाहेर न्यायची नाहीत, त्यांचा पराग आणि बी बाहेर पडू द्यायचं नाही, असा कडक नियम. जाळीघराला एकामागे एक दोन दारं होती आणि मधे एक छोटी मोकळी जागा. तिथे साध्या जांभळ्या पेटुनियाच्या जादा कुंड्या ठेवलेल्या असत. दर शनिवारी मी आतल्या कुंड्या या मधल्या जागेत काढायचो, आतली फरशी फिनेलने धुवायचो आणि कुंड्या जागा बदलून परत लावायचो. खिडकीजवळच्या झाडाला जास्त ऊन मिळालं म्हणून ते चांगलं दिसलं, असं होऊ नये यासाठी. कुठली कुंडी कुठे आहे हे त्यामुळे कधीच ठरलेलं नसे. ओळख फक्त झाडाला बांधलेल्या चिठ्ठीची.

त्या शनिवारी आई महाविद्यालयात आली. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कापणीचा सण होता. आमच्याकडे या सणाला प्रत्येक घर आपल्याकडचं काहीतरी चांगलं घेऊन येतं. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणी हाताने विणलेला रुमाल. सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. आमच्याकडे ना शेत ना कोंबड्या, म्हणून आईला एखादी फुलांची कुंडी हवी होती. मी तेव्हा आतल्या कुंड्या मधल्या जागेत काढून पाणी आणायला टाकीवर गेलो होतो. तिने सरांना विचारलं. सर फोनवर बोलत होते. त्यांनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "बाई, दोन दारांच्या मधे जादा कुंड्या आहेत. कोणतीही घ्या. विचारायचं काय त्यात?"

मी पाणी घेऊन आलो तोवर आई निघून गेली होती. मी फरशी धुतली, कुंड्या आत लावल्या; घाईत पांढरं झाड त्यांत आहे का, ते पाहिलंच नाही. चिठ्ठ्या सोमवारी वाचायच्या असत.

रविवारी मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. गाणं सुरू झालं, मान वर केली, तर वेदीपुढे उसाच्या मोळ्यांच्या मधे, दोन्हीकडे भोपळे ठेवून सिंहासनावर बसल्यासारखी, आमची पांढरी पेटुनिया. माझ्या हातातलं गाण्याचं पुस्तक खाली पडलं. मी बायकांच्या बाजूला बघून आईला खुणा केल्या. तिला वाटलं मला मळमळतंय. तिने पर्समधून आवळासुपारी काढून चार बायकांच्या हातून माझ्याकडे पाठवली.

बाहेर अंगणात आल्यावर मी तिला गाठलं.

"आई, ते झाड कुठून आणलंस?"

"तुझ्या सरांनी दिलं. काय गोड माणूस आहे रे."

"त्यांनी जांभळं दिलं होतं!"

"ते म्हणाले कोणतंही घ्या. देवाला द्यायचं तर त्यातलं चांगलं नको का द्यायला?"

"त्याला चिठ्ठी होती. नंबर होता."

"काढून टाकली. देवापुढे नंबर लावून कोण जातं?"

मी तिला दोन वाक्यांत सांगितलं की हे झाड गेलं तर सरांचं काय जाईल. आईचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, "मी दिलेलं मला परत घेता येत नाही. तू लिलावात सोडव. तू वेगळा माणूस आहेस."

लिलाव पुकारायला मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक, उभे होते. मार्केट यार्डात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज कसलेला. एक कोंबडी गेली, भोपळे गेले, मग पेटुनियाची कुंडी वर आली. मी बोली लावली. दुसऱ्या बाजूने एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. मी वाढवली. त्यांनी वाढवली. पुकारणाऱ्यांना जोर चढला.

"अरे, पोरगा फुलासाठी बोली लावतोय! पाळकसाहेब, लग्नाची तारीख राखून ठेवा!"

लोक हसले. मी आणखी वाढवली.

"आणि बघा तरी मंडळी! आत्ता आईने दिलं, आत्ताच लेक परत न्यायला आलाय! देवाला द्यायचं का उसनं ठेवायचं, ठरवा बुवा एकदा!"

आता सगळं अंगण हसायला लागलं. आई पदराआड हसत होती की रडत होती, कळेना. मी लाजून मागे सरकलो, आणि झाड त्या बाईंना गेलं.

त्यांना आम्ही मावशी म्हणत असू. मूळच्या सोनईकडच्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, मोठ्या आवाजाचा माणूस. गाडीचा हॉर्न बिघडला तर याचं तोंड पुरेल, असं लोक म्हणायचे. त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दोन वर्षं ते एक शब्द न बोलता खाटेवर होते आणि त्याच पावसाळ्यात वारले होते.

मी मावशींजवळ गेलो. मला सगळं सांगायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला.

"तू बोली सोडलीस बाबा, लई उपकार केलंस. यांच्या कबरीवर पांढरं फूल लावायचं हुतं मला. ते बी जितं, कुंडीतलं. तुटलेलं न्हाई."

मी म्हणालो, "बरं झालं, मावशी." आणि सायकल काढून घरी आलो.

सोमवारी सरांसमोर उभा राहून मी सगळं सांगितलं. सर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता कडाडतील. त्यांनी विचारलं, "जमिनीत लावलं का त्यांनी?"

"काल संध्याकाळीच. आईने पाहिलं."

"मुळं मोकळी केली असणार. आता या उन्हात परत उपटलं तर मरेल ते." मग म्हणाले, "तुझी आई देवाला चांगलं द्यायला गेली आणि तुला लाज वाटली. यात रागवायचं कुणावर, पाहुणं? रागवायला तरी कुणीतरी पाहिजे की!"

त्यांनी लगेच जाऊन प्राचार्यांना खरं ते सांगितलं. प्राचार्य म्हणाले, फुलांना पिशव्या बांधा, एक बी मातीत पडता कामा नये, आणि जमेल तितक्या लवकर झाड परत आणा. म्हणून त्या दुपारी मी आणि सर कबरस्तानात गेलो. मावशी तिथेच होत्या, तांब्याने पाणी घालत होत्या.

सरांनी हात जोडले. झाड संशोधनातलं आहे, चुकून इकडे आलं, ऊन कमी झालं की मातीच्या गड्ड्यासकट परत न्यायचं आहे, आणि बदल्यात हव्या तितक्या पांढऱ्या फुलांच्या कुंड्या आणून देतो, असं सगळं एका दमात सांगितलं.

"म्या लिलावात सोडवलंय ते," मावशी म्हणाल्या. "सगळ्या मंडळीसमोर. चोरून न्हाई आनलं."

"चोरीचं कोण म्हणतंय, बाई?"

"मंग ऱ्हाऊ द्या की हितं. त्याला काय गैरसोय हाय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सरांनी मग पिशवीतून बटरपेपरच्या छोट्या पिशव्या काढल्या. कबरीशेजारी मांडी घातली. बारीक ब्रशने एकेका फुलाचा पराग त्याच फुलाला लावायचा आणि वर पिशवी बांधायची. मावशी बघत राहिल्या.

"हे काय चाललंय?"

"बी धरायला, बाई."

"फुलाचं लगीन लावताय व्हय? कुणाशी?"

"त्याचं त्याच्याशीच."

"मंग वऱ्हाड कशाला आलंय?" मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. सर इतके हसले की ब्रश मातीत पडला. मावशी मात्र हसल्या नाहीत. "आन ही पिशवी? फुलं अशी कोंडायची हुती तर मी लावली कशाला? यांना काय दिसायचं?"

शेवटी तडजोड झाली. झाड काही दिवस तिथेच राहील, पिशव्या राहतील, आणि आम्ही येऊन पाणी घालू. झाड परत देईन, असं मात्र मावशी म्हणाल्या नाहीत.

मग रोज सकाळी सर महाविद्यालयात जायच्या आधी कबरस्तानात जाऊ लागले. मी मोपेडवर त्यांना घेऊन जायचो. त्यांना लोक विचारायचे, इकडे कुणीकडे? सर सांगायचे, "एक पेशंट आहे." मावशी स्टीलच्या किटलीतून चहा आणायच्या. एकदा बोलता बोलता सर म्हणाले की श्रीगोंद्याच्या गाडीला एक ड्रायव्हर होता, शिकत असताना ते दारात लटकले म्हणून त्याने गाडी थांबवून सगळ्यांसमोर त्यांचा उद्धार केला होता.

"काय म्हनला हुता?" मावशींनी विचारलं.

"ते इथे सांगण्यासारखं नाही."

"कपाळावर जखमेची खून हुती का, हितं?"

"होती!"

"हेच ते!" मावशींनी कबरीवर हात आपटला. "हेच! माज्याम्होरं सांगायचे, शिकलेल्या पोरांना बी सोडत न्हाई मी!" त्यानंतर सर पिशव्या तपासताना कबरीकडे बघून म्हणायचे, "साहेब, आज दारात लटकलेलो नाही हां." मला ते सुरुवातीला बरं वाटलं नाही. मावशींना बरं वाटायचं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मीही हसायला लागलो.

थंडी पडू लागली. बोंडं धरली. झाड हलवायची वेळ जवळ आली होती आणि विचारायचं कुणी, यावर मी आणि सर एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात एक दिवस दुपारी मावशी केडगावला आमच्या दारात आल्या. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती."

आई गडबडली. "आत या, काय झालं?"

"आत कशाला येऊ? तुमचा पोरगा न् त्याचा साहेब पिशव्या बांधायच्या निमित्तानं येत्यात, न् माझं झाड पालटून गेलं. पांढरं हुतं, आज पिशवी सोडून बघितली तर जांभळं! मागायचं हुतं तर सरळ मागायचं. मेलेल्या माणसाच्या उशापासनं चोरी?"

शेजारच्या बायका ओट्यावर आल्या. आईने आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नये, चोरी करू नये, हेच शिकवलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत एक क्षण खरंच प्रश्न होता. तो मला मावशींच्या शब्दांपेक्षा जास्त लागला.

"आई, शप्पथ, आम्ही हात लावला नाही," मी म्हणालो. पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरंच काहीतरी उसळत होतं. जांभळं? मी मोपेड काढली, सरांना घेऊन आलो. आई आणि मावशी रिक्षाने आल्या. वाटेत दोघी एकमेकींशी बोलल्या नसाव्यात, कारण दोघी दोन बाजूंनी उतरल्या.

सर गुडघ्यांवर बसले आणि झाडाच्या बुडापासून बोट वर वर नेत गेले. खालून एक नवी फांदी फुटली होती. बाकी सगळं झाड पांढरं, बोंडं धरलेलं. त्या एका फांदीवर दोन फुलं, गडद जांभळी. सरांच्या तोंडून एवढंच आलं, "लई भारी. लई भारी, पाहुणं." आणि त्यांनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला.

"रडायला काय झालं?" मावशी चिडूनच म्हणाल्या. "झाड तर तुमचंच केलंत."

सर डोळे पुसत होते म्हणून मी बोललो. मावशींना बुंध्याजवळ बसवलं. "मावशी, इथे बोट लावा. ही पांढरी फांदी आणि ही जांभळी, दोन्ही कुठून फुटल्यात बघा." त्यांनी बोट लावलं. एकाच खोडातून. झाड पालटलं असतं तर दोन्ही रंग एका खोडावर आले नसते, हे त्यांना लगेच पटलं. "मंग रंग आला कुठनं?"

मी दवंडी सांगितली. कचेरीतला हुकूम, बिथरलेलं गाव, धरलेले कोतवाल. त्या झाडात रंगाचा हुकूम पहिल्यापासून होता. फक्त त्याची दवंडी गावात पोचू दिली जात नव्हती. या फांदीत कशामुळे तरी गाव शांत झालं आणि दवंडी पोचली. सरांना बरीच वर्षं हेच कुणाला तरी दाखवायचं होतं की रंग मेलेला नाही, गप्प केलेला आहे.

मावशी बोट तसंच ठेवून बसल्या.

"म्हंजी आत हुताच रंग."

"होता."

"समदा?"

"सगळा. जसाच्या तसा."

त्यांनी कबरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आवाज एकदम खाली आला. "मंग यांचं बी तसंच असंल का रं? दोन वरीस तोंडातनं शब्द न्हाई. डॉक्टर म्हनला, आता त्यास्नी काय समजत न्हाई, तुमी उगा बोलत बसता. मी तरी बोलत बसायची. आत शब्द असतील का रं त्यांच्या? जसंच्या तसं?"

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे पाहत होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्या बाईला तेवढ्या एका शब्दाने रात्री झोप लागली असती. आणि आमचं झाडही सुटलं असतं, हेही माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. कदाचित तेच मनात आलं म्हणून माझ्याने हो म्हणवेना.

"मावशी," मी म्हणालो, "झाडाचं मला माहीत आहे. माणसाच्या डोक्याचं मला माहीत नाही. ते वेगळं असतं. मी सांगू शकत नाही."

त्यांची मान खाली गेली. मला वाटलं, मी या बाईच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं.

तेवढ्यात आई बोलली. तासाभरापूर्वी चोर ठरलेली माझी आई, पदर खोचून उभी होती. "बोलत नव्हते कोण म्हणतं? मागल्या नाताळाला मी करंज्या घेऊन आले होते. तू माझ्याशी गप्पा मारत बसलीस आणि त्यांना द्यायला विसरलीस. काय डोळे वटारले होते तुझ्यावर! मी घाबरून ताट तिथेच ठेवून उठले."

मावशींनी मान वर केली. "व्हय की." त्यांचं तोंड हळूहळू हसरं झालं. "लई डोळं वटारायचे. करंजी चारली तवा कुठं थांबले."

"मग? करंजी हवी हे समजत होतं ना? एवढं मला माहीत आहे. पुढचं या शिकलेल्यांना विचार, त्यांना काही येत नाही."

दोघी हसल्या, मग दोघींनीही एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून जरा रडून घेतलं. सर आणि मी झाडाकडे बघत उभे राहिलो.

"न्या झाड," मावशी थोड्या वेळाने म्हणाल्या. "त्या साहेबांच्या डोळ्यांतलं पानी बघितलं म्या. मातुर यांच्यासाठी एक फूल ठेवून जा. पिशवी बिगर."

मला नियम आठवला. पण सर खाली बसले. खिशातून बारीक चिमटा काढला. एक पांढरं आणि एक जांभळं फूल देठाशी तोडलं. एकेका फुलाच्या गळ्यात चिमटा घालून आतले पिवळे परागकोश काळजीने उपटले आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकले. दोन्ही फुलं तळहातावर उलटीपालटी करून बघितली, फुंकर घातली, आणि मावशींच्या हातात दिली.

"आता यांच्यापासून कुठेही बी होणार नाही. ठेवा."

"एक मागितलं हुतं."

"असू द्या. साहेबांनी मला एकदा शिव्या दिल्यात, माझ्याकडून दोन फुलं."

मावशींनी दोन्ही फुलं कबरीवर ठेवली. आम्ही गड्डा खणून ओल्या गोणपाटात गुंडाळला. झाड जगलं. त्याच्या बियांची रोपं सर निवृत्त व्हायच्या आधी फुलली. काही पांढरी, काही पट्ट्यांची, काही पूर्ण जांभळी. सरांनी ती एका छोट्या परिषदेत दाखवली. मोठी बातमी काही झाली नाही. त्यांच्या थोरल्या भावाने मात्र ऐकल्यावर विचारलं, म्हणजे अर्धी परत जांभळी झाली? मग अर्धा पगार परत केला का?

मला त्या दिवशीचं उत्तर पुष्कळ दिवस छळत राहिलं. खरं बोललो, पण काय मिळवलं? आईला विचारलं तर ती म्हणायची, "आता यासाठी पण क्षमा मागणार का?" त्या नाताळात उपासनेनंतर अंगणात चहा चालला होता. मावशी बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मी सलाम करायला गेलो. त्यांनी माझी बाही धरून मला खाली ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"हे बघा गं. यांच्या माघारी घरी जो यायचा तो मला सांगायचा, ते असं हायेत, ते तसं हायेत, वर ते गातायत, वर ते बोलतायत. समद्यांना समदं ठाऊक. ह्योच एक निघाला, 'मला माहीत न्हाई' म्हनला. आन म्हनं शिकलेला हाय!"

बायका हसल्या. मावशींनी माझी बाही सोडली नाही. ताटातली करंजी उचलून माझ्या हातात दिली, आणि मी ती खाईपर्यंत डोळे वटारून बसल्या.